दोन आठवडे बंद पडलेला कॅसँड्रा नोड: चालू करून रिपेअर मारू का?

वर्धारोडवाला, सायं. ७:४०
नमस्कार मंडळी. जरा घाईचं आहे.

आमचं काम शीतगृहांच्या देखरेखीचं. कळमन्याच्या आसपास आणि काटोल-वरुडकडे सेन्सर बसवलेले आहेत. दर मिनिटाला तापमान आणि आर्द्रता येते, मर्यादा ओलांडली की ऑपरेटरच्या फोनवर अलार्म जातो. सगळा डेटा कॅसँड्रा ४.० वर, म्हणजे अनेक मशीनवर प्रती ठेवणाऱ्या डेटाबेसवर. तीन नोड (मशीन), तिन्ही ऑफिसच्याच सर्व्हर खोलीत, रेप्लिकेशन फॅक्टर ३ (प्रत्येक ओळीची प्रत तिन्हीवर), लिहिणं-वाचणं दोन्ही क्वोरमवर (तिघांपैकी दोघांनी उत्तर दिलं की झालं).

मेच्या सुरुवातीला खोलीचा एसी रात्रीतून बंद पडला. आपल्याकडचं मेचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, सकाळपर्यंत नोड-३ चा मदरबोर्ड गेला होता. पार्ट यायला दोन आठवड्यांच्या वर लागले. आज बोर्ड बसवला, डिस्क शाबूत आहे. एवढे दिवस नोड-१ आणि २ वर काम व्यवस्थित चालून राहिलं.

आता रात्री लोड उतरला की नोड-३ चालू करायचा, नोडटूल रिपेअर (नोडांचा डेटा ताडून सारखा करणारी कमांड) मारायचा, सकाळी तिन्ही सारखे, असा विचार आहे. साहेबांचंही तेच म्हणणं आहे. पण कुठंतरी दहा दिवसांची काही मर्यादा असते असं वाचल्याचं आठवलं, म्हणून हात थांबला. कोणी हे केलं आहे का?

मिहानकर, सायं. ७:५२
भाऊ, चालू कर बिनधास्त. हिंट्सचा, म्हणजे बंद नोडसाठी बाकीचे नोड राखून ठेवतात त्या लिखाणाचा, उपयोग नाही, त्या डिफॉल्टनं तीनच तास साठवल्या जातात, त्यानंतरचं त्या नोडसाठी कोणी काही ठेवत नाही. पण म्हणूनच तर रिपेअर असतो ना. नोड वर आला की फुल रिपेअर मार, जे चुकलं ते बाकीच्या दोघांकडून येऊन जाईल.

बर्डीची_लेक, सायं. ७:५८
वर्धारोडवाला, कॅसँड्रा चालू करू नकोस. मशीनची नेटवर्क केबल आत्ता काढ. मशीन बूट झाली की सर्व्हिस आपोआप सुरू व्हायची सेटिंग बहुतेक ठिकाणी असते, तुझ्याकडेही असेल. केबल काढून, सर्व्हिस डिसेबल करून मग इथं ये. कारण लिहितेच आहे.

वर्धारोडवाला, रात्री ८:०६
काढली ताई. मशीन बायोसलाच उभी होती, ऑपरेटिंग सिस्टिम चढलीच नव्हती.

बर्डीची_लेक, रात्री ८:३१
बरं झालं. आता नीट सांगते, कारण "रिपेअर मारला की सगळं सारखं होतं" हा समज फार पसरलेला आहे आणि त्यातूनच लोकांचा डेटा बिघडतो.

कॅसँड्रात डिलीट म्हणजे ओळ लगेच जात नाही. त्या ओळीवर एक खूण लिहिली जाते, तिला टूमस्टोन म्हणतात: अमुक वेळेनंतर ही ओळ मेली असं समजा. ही खूण बाकीच्या लिखाणासारखीच प्रत्येक रेप्लिकावर (ओळीची प्रत ठेवणाऱ्या नोडवर) पोचावी लागते. पण खुणा कायम ठेवल्या तर त्यांचाच ढीग होतो, वाचन मंदावतं. एका क्वेरीत १,००० खुणा लागल्या की कॅसँड्रा इशारा देतो आणि १,००,००० ओलांडल्या की क्वेरीच पाडतो. म्हणून टेबलावर जीसी ग्रेस नावाची मुदत असते, डिफॉल्ट ८,६४,००० सेकंद. हेच तुझे दहा दिवस. मुदत उलटली की पुढच्या कॉम्पॅक्शनमध्ये (डिस्कवरच्या फायली एकत्र करताना) ओळ आणि खूण दोन्ही पुसली जातात.

आता तुझ्याकडे बघ. नोड-३ बंद असताना तुम्ही काही ओळी काढल्या असतील. नोड-१ आणि २ वर खुणा पडल्या आणि दहा दिवसांनी त्यातल्या काही पुसल्याही गेल्या. त्या ओळींबद्दल आता या दोघांकडे काहीच नाही. नोड-३ च्या डिस्कवर मात्र ती ओळ धडधाकट आहे, कारण डिलीट त्याच्यापर्यंत गेलंच नाही. उद्या रिपेअरनं तिघांची तुलना केली तर त्याला दिसणार काय? एकाकडे ओळ आहे, दोघांकडे नाही. "दोघांना ती मिळालीच नाही" आणि "दोघांनी ती काढून विसरूनही गेले" यांतला फरक ओळखायला त्याच्याकडे काहीही साधन नसतं. तो पहिला अर्थ घेतो आणि काढलेली ओळ दोघांकडे पाठवून देतो. म्हणजे रिपेअरच मेलेला डेटा तिन्ही ठिकाणी उठवून बसवतो.

रिपेअर न मारता नुसता नोड चालू केला तरी सुटका नाही. क्वोरमचं वाचन नोड-३ आणि नोड-१ कडे गेलं, दोघांची उत्तरं जुळली नाहीत, की तिथल्या तिथे रीड रिपेअर होतो आणि ती ओळ नोड-१ वर लिहिली जाते.

तुमच्या कोणत्या टेबलांमध्ये डिलीट होतात ते सांग.

वर्धारोडवाला, रात्री ८:४७
आता पोटात गोळा आला. रीडिंगच्या टेबलात डिलीट नाही, ९० दिवसांचं टीटीएल (ओळ आपोआप संपायची मुदत) आहे. पण दोन छोट्या टेबलांत रोज डिलीट होतात. एक संपर्कांचं: ऑपरेटर काम सोडून गेला की त्याचा नंबर काढतो. दुसरं अलार्मच्या मर्यादांचं.

हे दुसरं फार नाजूक आहे. एका चेंबरमध्ये आधी बटाटा होता, त्याची मर्यादा ३ अंशाची. महिन्याच्या सुरुवातीला बटाटा निघाला, मृग बहाराची संत्री भरली, मर्यादा ६-७ अंशांवर आणली. आमच्या रचनेत मर्यादा बदलणं म्हणजे जुनी ओळ काढून नवीन टाकणं. जुनी ओळ परत आली तर चेंबर ३ अंशावर गेलं तरी अलार्म वाजणार नाही आणि थंडीनं संत्र्याची साल काळी पडेल. हा लोकांचा माल आहे.

मिहानकर, रात्री ८:५५
ताईचं बरोबर आहे. माझा सल्ला नोड दहा दिवसांच्या आत परत आला तरच लागू. आमच्याकडे नोड दोन-तीन दिवसांच्या वर कधी बंद राहिलाच नाही, त्यामुळे हे डोक्यात आलं नव्हतं.

एक विचारतो. डिलीट फक्त दोन छोट्या टेबलांत आहेत ना? मग नोड-३ वर त्या दोन टेबलांच्याच एसएसटेबल (डिस्कवरच्या डेटाच्या) फायली हटवायच्या, बाकी तसंच ठेवून चालू करायचं आणि फुल रिपेअर. मोठा रीडिंगचा डेटा परत ओढावा लागणार नाही.

बर्डीची_लेक, रात्री ९:१०
विचार चांगला आहे. टीटीएलच्या टेबलाला हा धोका नाही हेही खरं, कारण मुदत ओळीसोबतच लिहिलेली असते आणि प्रत्येक रेप्लिका ती स्वतःच पाळतो. पण यात एक खड्डा आहे: कमिट लॉग. नोड अचानक गेला तेव्हा जे लिखाण मेमटेबलमधून (मेमरीतून) डिस्कवरच्या टेबल फायलींत उतरलं नव्हतं ते कमिट लॉगमध्ये पडून आहे. चालू होताना कॅसँड्रा ते पुन्हा वाजवतो आणि त्या दोन टेबलांच्या जुन्या ओळी मागच्या दारानं आत येतात. म्हणजे कमिट लॉगही काढायला हवा. शिवाय त्या टेबलांवर दुय्यम इंडेक्स किंवा मटेरियलाइज्ड व्ह्यू असेल तर त्यांच्याही फायली शोधून काढा. करणारा एकटा, वेळ रात्रीची आणि टेबल अलार्मचं. मी हा मार्ग धरणार नाही. पूर्ण नोड रिकामा करून रिप्लेस करणं लांबचं असलं तरी त्यात विसरण्यासारखं कमी आहे.

डेटा किती आहे एका नोडवर?

वर्धारोडवाला, रात्री ९:१४
४०० जीबीच्या आसपास. डिस्क १ टीबीची.

बर्डीची_लेक, रात्री ९:३८
४.० मध्ये स्ट्रीमिंगची डिफॉल्ट मर्यादा २०० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला २५ एमबी. सगळा डेटा एकाच नोडनं दिला तरी साडेचार-पाच तास, दोघांनी वाटून दिला तर त्याहून कमी. रात्रीत बसतं.

पण रिप्लेस करण्याआधी एक काम आहे आणि ते बहुतेक जण गाळतात. नोड-३ मरण्याआधीचं एखादं लिखाण घे. क्वोरम म्हणजे तिघांपैकी दोघांनी घेतलं की झालं. समज ते नोड-१ आणि ३ वर पोचलं, नोड-२ ला चुकलं. आता तू नोड-३ पुसलास आणि त्या रेंजचा (डेटाच्या त्या तुकड्याचा) डेटा नेमका नोड-२ कडून ओढला गेला. ते लिखाण फक्त नोड-१ वर उरलं. पुढे वाचन नोड-२ आणि ३ कडे गेलं तर उत्तर येईल "असं काही नाही". क्वोरमवर सगळं नीट चालू असताना लिहिलेली ओळ गायब दिसेल.

नोड-३ बंद असतानाच्या लिखाणाची काळजी नको, तेव्हा क्वोरमसाठी नोड-१ आणि २ दोघांनाही घ्यावंच लागत होतं. प्रश्न त्याआधीचा आहे. म्हणून पहिल्यांदा या दोघांमध्येच फुल रिपेअर. साधा रिपेअर बंद नोड बघून फेल होईल, म्हणून -होस्ट्स देऊन फक्त या दोघांचे पत्ते सांग. त्याच्यासोबत -पीआर (फक्त मुख्य रेंजचा रिपेअर) चालत नाही, देऊ नकोस. तीन नोड आणि फॅक्टर ३ असल्यामुळे प्रत्येक नोडवर सगळा डेटा आहे, तेव्हा एका नोडवरून एकदा चालवलं की पुरे.

तो संपल्यावर नोड-३ कडे वळ. डेटाची डिरेक्टरी पुसू नकोस, नाव बदलून बाजूला ठेव, जागा आहे. कमिट लॉग, हिंट्स आणि सेव्ह्ड कॅशेससुद्धा बाजूला. मग त्याच्याच कॉन्फिगमध्ये सीड्सची (चालू होताना ज्यांना आधी विचारायचं त्या नोडांची) यादी बघ. सीड असलेला नोड बूटस्ट्रॅप करत नाही (बाकीच्यांकडून डेटा ओढून घेत नाही), म्हणून त्याचा पत्ता तिथून काढ. जेव्हीएमच्या ऑप्शन्समध्ये रिप्लेस ॲड्रेस फर्स्ट बूट टाकून त्याचाच जुना आयपी दे. रिमूव्हनोड (नोड यादीतून काढायची कमांड) कुठंही मारू नकोस, बाकीच्यांच्या यादीत तो डीएन (बंद) म्हणून असायलाच हवा.

लक्ष्मीनगर, रात्री ९:५०
मी ओरॅकलवाला जुना माणूस, तुमच्या कॅसँड्रातलं फारसं कळत नाही. पण बोर्ड नवीन आहे म्हणता. बायोसची तारीख आणि वेळ तपासली का? नवीन बोर्डावर घड्याळ कुठल्याही वर्षाला असतं.

बर्डीची_लेक, रात्री ९:५६
काका, फार मोलाचं बोललात. इथं दोन लिखाणांत कोणतं खरं हे टाइमस्टॅम्पवरच ठरतं, ज्याची वेळ नंतरची ते जिंकतं. शिवाय खुणेचे दहा दिवस उलटले की नाही हे प्रत्येक नोड स्वतःच्या घड्याळावर ठरवतो. घड्याळ पुढे असलं तर तो ताज्या खुणाही पुसून टाकेल. वर्धारोडवाला, क्रोनी (घड्याळ जुळवणारी सेवा) सुरू करून वेळ जुळल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

वर्धारोडवाला, रात्री १०:०३
काका, पाय धरतो तुमचे. बायोसमध्ये २०१८ साल आहे.

हॉस्टेलवाली, रात्री १०:१५
मी शिकते आहे, मधेच विचारते, माफ करा. ४०० जीबीची तुलना रिपेअर करतो तरी कशी? सगळ्या ओळी एकमेकांना पाठवतो का?

बर्डीची_लेक, रात्री १०:२९
माफी कशाला, विचारायलाच हवं. ओळी पाठवत नाही. अडतीवर दोन मुनीम वर्षाच्या वह्या जुळवतात तसं करतो: आधी वर्षाची बेरीज, ती जुळली तर विषय संपला, नाही जुळली तर महिन्याची, मग त्या महिन्यातल्या दिवसांची. प्रत्येक नोड आपला डेटा वाचून हॅश काढतो, हॅशांच्या जोड्यांचे पुन्हा हॅश, असं करत वर एक मूळ हॅश तयार होतो. हे मर्कल ट्री, कल्पना राल्फ मर्कल यांची, १९७९ ची. नोड एकमेकांना फक्त हे झाड देतात आणि जिथं फांदी जुळत नाही तेवढाच भाग स्ट्रीम होतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेव. झाड बांधायला डिस्कवरचा सगळा डेटा वाचावाच लागतो, त्याला व्हॅलिडेशन म्हणतात, आणि रिपेअर जड लागतो तो मुख्यतः त्यामुळे. दुसरं, झाडाची पानं मोजकी असतात, एका पानाखाली पुष्कळ पार्टिशन (ओळींचे गट) येतात. त्यातलं एक जरी बिघडलं तरी अख्ख्या पानाचा डेटा इकडून तिकडे जातो. म्हणून मोठी रेंज एकदम घेण्यापेक्षा तुकडे करून रिपेअर केलेला बरा.

लक्ष्मीनगर, रात्री १०:४०
मनापासून विचारतो. काढलेली नोंद परत येऊ शकते अशा ठिकाणी माणसानं मालाची जबाबदारी कशी ठेवावी? आमच्याकडे डिलीट करून कमिट झालं की झालं.

बर्डीची_लेक, रात्री १०:५८
रास्त प्रश्न आहे काका. याचं मूळ ॲमेझॉनच्या २००७ च्या डायनॅमो पेपरमध्ये आहे, कॅसँड्रा फेसबुकमध्ये त्याच वळणावर बांधला गेला आणि २००८ मध्ये खुला झाला. तिथं ठरवूनच निवड केली होती की एखादा नोड गेला तरी लिहिणं थांबता कामा नये. वर्धारोडवाल्याचा तिसरा नोड दोन आठवडे बंद होता आणि एकही रीडिंग चुकलं नाही, ते या निवडीमुळेच. बदल्यात एक जबाबदारी आपल्या अंगावर येते: प्रत्येक जीसी ग्रेसच्या आत प्रत्येक रेंजचा रिपेअर पूर्ण व्हायलाच हवा. तो होत असेल तर काढलेलं परत येत नाही. रिपेअरला लोक कधीमधी करायची सफाई समजतात, मला याचंच वाईट वाटतं. ते डेटाबेसच्या कराराचं अर्धं कलम आहे.

वर्धारोडवाला, रात्री ११:२०
नोड-१ वरून दोघांचा फुल रिपेअर सुरू केला. कॉम्पॅक्शनस्टॅट्समध्ये व्हॅलिडेशन दिसून राहिलं. नोड-३ चं घड्याळ जुळलं, केबल अजून बाहेरच आहे.

वर्धारोडवाला, पहाटे २:३५
दोघांचा रिपेअर संपला. संपर्कांच्या टेबलात खरंच थोडा फरक निघाला, स्ट्रीम झाला. ताई म्हणाली ते नुसतं पुस्तकातलं नव्हतं.

नोड-३ सीडमध्ये होता, काढला. डिरेक्टऱ्या बाजूला ठेवल्या, ऑप्शन टाकला, केबल लावली, सुरू केला. लॉगमध्ये बूटस्ट्रॅप दिसतं, पण नोड-१ वर स्टेटस अजून डीएनच दाखवून राहिलं. काही चुकलं का?

बर्डीची_लेक, पहाटे २:४१
काही चुकलं नाही. त्याच आयपीवर रिप्लेस करताना संपेपर्यंत बाकीच्यांना तो डीएनच दिसतो. प्रगती नोड-३ वर नेटस्टॅट्समध्ये बघ. या वेळात होणारं नवीन लिखाण त्याच्याकडे जात नाही, म्हणून वर आल्यावर त्याच्यावर एक फुल रिपेअर चालवायचाच आहे. आता तो धोक्याचा नाही, कारण त्याच्याकडे जुनं काही उरलंच नाही.

वर्धारोडवाला, सकाळी ९:१२
सहाच्या सुमारास तिन्ही यूएन (चालू). फुल रिपेअर चालू आहे. संपर्क आणि मर्यादांची दोन्ही टेबलं मे महिन्याच्या डिलीटच्या ॲप्लिकेशन लॉगशी ताडून पाहिली, काढलेलं एकही परत आलेलं नाही. बटाट्याची ३ अंशांची ओळ स्वतः शोधली, नाही. मग कुतूहल म्हणून बाजूला ठेवलेल्या जुन्या डिरेक्टरीतल्या फायलीवर एसएसटेबलडंप चालवला. ती ओळ तिथं जशीच्या तशी आहे. बघूनच घाम फुटला. सगळ्यांचे मनापासून आभार.

आता पुढचं सांगा. नियमित रिपेअर कसा लावू? आधी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सेवेत) महिन्यातून एकदा होता, मी रुजू व्हायच्या आधीपासून.

मिहानकर, सकाळी ९:४०
महिन्यातून एकदा म्हणजे दहा दिवसांच्या मुदतीला काही अर्थच राहत नाही भाऊ. आम्ही रीपर वापरतो. मूळ स्पॉटिफायमध्ये तयार झालं, आता खुलं आहे. टोकन रेंजचे छोटे सेगमेंट करून एकेक रिपेअर करतं, नोडवर कॉम्पॅक्शन तुंबलं असेल तर तिथं थांबतं, आणि कोणता सेगमेंट राहिला ते स्क्रीनवर दिसतं. क्रॉनमधला रिपेअर मधेच मेला तर कळतच नाही.

बर्डीची_लेक, सकाळी १०:१५
रीपरला माझंही मत. क्रॉनच ठेवायचा असेल तर -फुल -पीआर, तिन्ही नोडवर, एकामागून एक. -पीआरमध्ये नोड फक्त स्वतःची मुख्य रेंज बघतो, त्यामुळे एकच काम तीनदा होत नाही, पण एक नोड जरी गाळला तर त्याची रेंज तशीच राहते. नुसता फुल रिपेअर करणार असाल तर कॅसँड्राच्या दस्तऐवजात दर पाच दिवसांनी सुरुवात करा असं सुचवलंय. एखादा फसला तरी दुसऱ्याला वेळ उरतो.

इन्क्रिमेंटल रिपेअरबद्दल (आधी रिपेअर न झालेला डेटाच बघणारा) कोणीतरी विचारेलच. २.१ मध्ये आला आणि २.२ पासून डिफॉल्ट झाला, पण ४.० पर्यंत त्यात गडबडी होत्या, म्हणून जुने लोक त्याला हात लावत नाहीत. ४.० मध्ये तो नीट झाला आहे. एक ते तीन दिवसांनी इन्क्रिमेंटल आणि एक ते तीन आठवड्यांनी फुल, असंही चालतं. फुल सोडू नका, कारण इन्क्रिमेंटल एकदा रिपेअर झालेल्या डेटाकडे परत बघत नाही, डिस्कवर तो खराब झाला तरी त्याला कळणार नाही.

आणि नोड बंद पडला की आठव्या दिवशी फोनवर इशारा येईल असं लावून ठेव. तोवर पार्ट आला नसेल तर त्या दोन टेबलांची जीसी ग्रेस तात्पुरती वाढव, खुणा थोड्या साचतील, चालेल. नोड परतला, रिपेअर पूर्ण झाला, की पुन्हा दहा दिवसांवर आण.

लक्ष्मीनगर, सकाळी १०:२२
आणि त्या खोलीला दुसरा एसी बसवून घ्या. बोर्डाच्या किमतीपेक्षा जास्त लागणार नाही.

वर्धारोडवाला, सकाळी १०:३०
साहेबांना हा धागा दाखवला काका. एसीचं कोटेशन मागवलं आहे. रीपर आजच टेस्ट मशीनवर चढवतो. सेगमेंट कितीचे ठेवायचे ते उद्या विचारीन, आता झोपायला जातो.